वाचकांचे प्रश्न : पाणी नेमकं किती उडतंय, आणि का?

गेल्या अंकात द्राक्षाच्या एप्रिल छाटणीनंतर ड्रीप किती वेळ चालवायचं यावर लिहिलं आणि त्यावर इतके मेसेज आणि व्हॉइस नोट आले की हा महिना सगळा त्यालाच दिलाय. बहुतेकांचा रोख एकच, हवामान बदलतंय तर पिकाची पाण्याची गरज वर्षागणिक वाढतच चाललीय का. पुढे अडायला नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. मातीतून, तळ्यातून थेट उडतं ते बाष्पीभवन, पानांतून जातं ते पर्णोत्सर्जन, दोन्ही मिळून बाष्पपर्णोत्सर्जन, आणि सगळे त्याला ईटी म्हणतात म्हणून मीपण ईटीच म्हणणार. मोजायचं पावसासारखंच मिलिमीटरमध्ये. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, एकराला साधारण ४ हजार लिटर. हा हिशोब लक्षात ठेवा, खाली सारखा लागणार आहे.

ताई नमस्कार. निफाड तालुक्यात माझी थॉमसनची बाग आहे. मुलगा म्हणतो तापमान वाढलं म्हणजे बाष्पीभवन वाढलंच, ड्रीपचा टाइम दरवर्षी वाढवायला पाहिजे. पण एका ट्रेनिंगला सरांनी सांगितलं की भारतात पात्रातलं बाष्पीभवन उलट कमी झाल्याचं संशोधन आहे. मग खरं काय धरायचं? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड)

दादा, सरांनी सांगितलं ते खरं आहे आणि मुलाचंही सगळं चूक नाही. जरा सविस्तर सांगते, कारण इथे भल्याभल्यांचा घोळ होतो.

आधी ते पात्र कसं असतं बघा. हवामान केंद्राच्या मोकळ्या जागेत लाकडी चौकटीवर एक गोल पसरट पात्र ठेवलेलं असतं, साधारण १२२ सेंटिमीटर व्यासाचं, २५ सेंटिमीटर खोल, पांढरा रंग दिलेलं, आणि आपल्याकडे वरून जाळी टाकलेली, नाहीतर कावळे-कुत्री पाणी पिऊन जाणार आणि ते बाष्पीभवनात धरलं जाणार. आत एका नळकांड्यात टोकदार खूण असते. रोज सकाळी माणूस येतो, पाणी त्या टोकाच्या किती खाली गेलंय बघतो आणि मापाने मोजून टोकाला टेकेपर्यंत परत पाणी ओततो. जेवढं ओतलं तेवढं उडालं, पाऊस झाला असेल तर तो हिशोबात धरायचा, झालं. हे एवढंसं काम जगभर लोकांनी ऊनपावसात वर्षानुवर्षं रोज न चुकता केलं म्हणून आज आपल्याला पन्नास वर्षांचा कल काढता येतो, मला त्या नोंदी घेणाऱ्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

तर १९९५ साली अमेरिका आणि जुन्या सोव्हिएत युनियनमधल्या अशा नोंदी एकत्र करून बघितल्या, आणि तापमान वाढत असताना पात्रातलं बाष्पीभवन मात्र दशकानुदशकं घटत गेलेलं दिसलं. १९९७ साली आपल्या हवामान खात्याचे चट्टोपाध्याय आणि इंग्लंडचे माइक ह्यूम यांनी भारतातल्या नोंदी तपासल्या, इथेही तेच, पात्राचं बाष्पीभवन आणि संभाव्य ईटी (पाणी भरपूर असतं तर उडालं असतं तेवढं) दोन्ही घटतंय. सगळ्यांनाच कोडं पडलं, आणि शास्त्रात याला बाष्पीभवनाचा विरोधाभास असंच नाव पडलं.

उत्तर असं की पाणी उडणं एकट्या तापमानाच्या हातात नसतंच. ऊन किती, वारा किती, हवा किती कोरडी आणि मग तापमान, अशी चार जणांची ती कारभारकी आहे. दोरीवर वाळत घातलेले कपडे आठवा, जानेवारीत थंडी असली तरी कोरड्या वाऱ्यात दुपारपर्यंत खडखडीत वाळतात आणि जुलैत हवा त्याहून गरम असून दोन दिवस दमट राहतात. आता या चारांपैकी ऊन बघा. पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातल्या १२ ठिकाणच्या १९८१ ते २००४ च्या नोंदी तपासल्या तेव्हा जमिनीवर पोहोचणारं ऊन दर वर्षी सरासरी ०.८६ वॅट प्रति चौरस मीटर एवढं कमी होत गेल्याचं दिसलं. कारण हवेतला धूर, धूळ, काजळी, कारखाने आणि कोळशाचं प्रदूषण, शिवाय ढग. २००२ साली ऑस्ट्रेलियाच्या रॉडरिक आणि फारकर यांनी हेच दाखवून दिलं होतं, की ऊनच कमी पोहोचलं तर पात्रातलं पाणी कमी उडणारच. दुसरा वारा. जमिनीलगतचा वारा जगात बऱ्याच भागांत १९७० नंतर मंदावत गेला, आणि भारतातल्या अभ्यासांतही वारा मंदावणं आणि हवेतली आर्द्रता वाढणं ही दोन कारणं ठळक निघाली.

आणि तिसरं कारण तर तुमच्या निफाडसाठीच लिहिल्यासारखं आहे. पात्र असतं एका जागी पण त्याच्यावरून जाणारी हवा आजूबाजूच्या शिवारातून येते. शिवार उघडं, तापलेलं असेल तर हवा गरम आणि कोरडी येते आणि पात्रातलं पाणी भराभर खेचते. तेच शिवार बागायती झालं, चहूकडे द्राक्ष, ऊस, भाजीपाला, तर पिकं एवढं पाणी हवेत सोडतात की हवा गार आणि ओलसर होऊन पात्रापर्यंत येते, आणि पात्राचं रीडिंग उतरतं. म्हणजे शिवारातून प्रत्यक्षात उडणारं पाणी वाढलेलं असतं आणि पात्र म्हणतं कमी झालं! १९९८ साली ब्रुटसार्ट आणि पार्लांज यांनी हा मुद्दा मांडला. याच्या उलटं दुष्काळात होतं, मे महिन्यात कोरडवाहू पट्ट्यात पात्राचं रीडिंग सगळ्यात जास्त पण जमिनीतून प्रत्यक्ष उडतंय जवळजवळ काहीच नाही कारण उडायला पाणीच शिल्लक नाही.

म्हणून दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवायच्या. एक हवेची मागणी, म्हणजे पाणी भरपूर असतं तर किती उडालं असतं. दुसरं प्रत्यक्ष किती गेलं. पात्र फक्त पहिली सांगतं.

आता मुलाचा मुद्दा. तो घटता कल कायमचा नव्हता. युरोपात १९९० च्या आसपास हवा स्वच्छ व्हायला लागली आणि ऊन परत वाढलं, चीनमध्ये पात्राचं बाष्पीभवन १९९० च्या दशकापासून परत चढायला लागलं, आणि २०१० च्या सुमारास जगात बऱ्याच ठिकाणी वाराही परत वाढलेला दिसला. पलीकडे तापमान काही थांबलेलं नाही, केंद्र सरकारच्या २०२० च्या हवामान बदल अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढलं. हवा एक अंश तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, तेवढी वाफ तिला मिळाली नाही तर हवा जास्त कोरडी पडते आणि पिकाकडून जास्त ओढते. म्हणजे पुढची दिशा वाढीचीच आहे, मला याबद्दल शंका नाही.

पण वाढ किती, ते बागेच्या हिशोबात बघा. तुमची लागवड ९ बाय ५ फुटांवर असेल तर एका वेलीच्या वाट्याला साधारण ४.२ चौरस मीटर जागा. मे मध्ये पात्राचं रीडिंग १० मिमी आलं तर त्याला ०.७ ने गुणून संदर्भ ईटी (भरपूर पाणी दिलेल्या हिरव्या गवतातून उडेल तेवढं) ७ मिमी. खरड (एप्रिल) छाटणी होऊन नुकत्याच काड्या फुटतायत तेव्हा पिकाचा गुणांक, म्हणजे संदर्भ ईटीच्या किती पट पाणी पिकाला लागतं तो आकडा, ०.३ च्या आसपास, म्हणजे वेलीला रोज ९ लिटर पुरे. मांडव भरला की गुणांक ०.७ किंवा त्याहून थोडा वर, म्हणजे २० लिटरच्या पुढे. आणि बाकी सगळं तसंच राहून तापमान एक अंशाने वाढलं तर मागणी ढोबळमानाने दोन-तीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे या २० लिटरमध्ये अर्धा लिटर. छाटणीपासून मांडव भरेपर्यंतचा फरक ११ लिटरचा, ढगाळ दिवस आणि वाऱ्याचा दिवस यातला फरक ६-७ लिटरचा, आणि हवामान बदलाचा अर्धा लिटर. म्हणून दरवर्षी ड्रीपचा टाइम वाढवत नेणं मला पटत नाही. आठवड्याचं रीडिंग बघून टाइम बदला, ते जास्त महत्त्वाचं. छाटणीनंतरच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांत ऊन रणरणतंय म्हणून मांडवावर पान नसताना भरमसाठ पाणी सोडतात, ते सगळं मुळांच्या खाली जातं, सोबत खतही.

पण हाच अर्धा लिटर धरणाच्या पातळीवर लहान राहत नाही. आपल्याकडे वर्षाची मागणी ढोबळ १७०० मिमी धरली तर अडीच टक्के म्हणजे चाळीसेक मिमी, वर्षभर हिरव्या असणाऱ्या एका एकरावर दीड लाख लिटरच्या पुढे. असे जिल्ह्यातले एकर मोजत बसा मग.

मॅडम, सिन्नर भागात आमचं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोलीचं शेततळं आहे. पूर्वी जानेवारीत भरलं की मे अखेर पुरायचं, आता एप्रिलमध्येच तळ दिसतो. क्लायमेट चेंजमुळे एवढं आटतं का? (शेतकरी, सिन्नर तालुका)

नाही हो भाऊ, एवढं नाही. हिशोब करूनच बघू.

या मापाचं तळं उताराच्या भिंतींसकट साधारण २२ लाख लिटर धरतं. फेब्रुवारी ते मे उघड्या पाण्यावरून दिवसाला सरासरी ६-७ मिमी उडतं असं धरलं तर चार महिन्यांत पाऊण मीटर. पातळी उतरते तसं पाण्याचं क्षेत्रही कमी होतं, तरी सहा लाख लिटरच्या आसपास नुसतं हवेत जातं, म्हणजे पाव तळ्याहून जास्त. आकडा मोठाच आहे, मान्य, पण तो पूर्वीही होता. एक अंश तापमानवाढीने त्यात भर पडेल ती दोन सेंटिमीटरची. त्याने महिनाभर आधी तळ दिसत नाही. सिन्नरच्या पूर्वेला आजूबाजूला उघडं माळरान असेल तर कोरडी गरम हवा थेट पाण्यावर येते आणि छोट्या तळ्यातून मोठ्या धरणापेक्षा मिमी जास्तच उडतं, पण ते मिळूनही हिशोब जुळत नाही.

मला तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाचाच संशय येतो. तपासायची पद्धत सोपी आहे. एका बादलीत दगड टाकून ती तळ्याच्या कडेला पाण्यातच अशी बसवा की काठ पाण्याच्या चार बोटं वर राहील, मग बादलीत बाहेरच्या पातळीएवढंच पाणी भरा आणि आत-बाहेर दोन्हीकडे मार्करने खूण करा. चार-पाच दिवस मोटर लावायची नाही, भरायचं पण नाही. बादली पाण्यातच असल्यामुळे दोन्हीकडचं पाणी सारखंच तापतं आणि सारखंच उडतं. आत तीन सेंटिमीटर उतरलं आणि बाहेर पाच, तर ते वरचे दोन कागदातून चाललेत. बहुतेक वेळा कोपऱ्यात घडी पडलेली असते तिथे किंवा पाइपच्या जोडाशी कागद गेलेला असतो. दोन्ही सारखं उतरलं तर मग काढता किती तेच मोजा, एखादं जास्तीचं पीक त्याच तळ्यावर वाढलंय का बघा.

उडणं कमी करायचं तर शेडनेटची सावली उपयोगी पडते, पश्चिमेकडून वारा अडवणारी झाडांची ओळ उपयोगी पडते (मुळं कागदापासून लांब ठेवा), आणि नवीन करणार असाल तर पसरट करण्यापेक्षा खोल करा, कारण उडतं ते पृष्ठभागावरून. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पावसाळ्यात ओढ्याचं वाहतं पाणी तळ्यात धरणं वेगळं आणि हिवाळ्यात विहीर-बोअर उपसून तळं भरून ठेवणं वेगळं. जमिनीखाली असलेलं पाणी उन्हाने उडत नाही. ते वर काढून चार महिने उघड्यावर ठेवायचं म्हणजे पाव हिस्सा आपल्या हाताने हवेला द्यायचा, आणि शेजाऱ्याची विहीरही उतरते ती वेगळीच. विजेची आणि उन्हाळी पाण्याची खात्री नसते म्हणून लोक करतात हे मला समजतं, तरी हे थांबायला पाहिजे.

मी गंगापूर रोडला राहते. समोर पूर्वी द्राक्षबाग होती, आता बिल्डिंगा आहेत. गर्मी वाढल्यासारखी वाटते ती खरंच की भास? (गृहिणी, नाशिक)

भास नाही ताई. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट विजेएवढी ऊर्जा लागते आणि ती उन्हातूनच घेतली जाते. पाणी मिळत असलेलं एखादं मोठं झाड दिवसाला १०० लिटर सोडत असेल तर त्याने ६८ युनिटची उष्णता हवेला तापवण्याआधीच काढून घेतली. बाग गेली, स्लॅब आणि पेव्हर ब्लॉक आले की ईटी जवळपास संपतं आणि तीच उष्णता भिंती-रस्ते तापवते, रात्री परत सोडते. म्हणून तुम्हाला फरक दुपारपेक्षा रात्री जास्त जाणवत असेल. सोसायटीत पेव्हर ब्लॉक टाकताना झाडाच्या बुंध्याभोवती माती उघडी ठेवायला सांगा, तिथूनच त्याला पाणी मिळतं.

येवल्यात आमची उन्हाळ कांद्याची शेती. पालखेड कालव्याच्या आवर्तनाची (पाणी सुटायच्या पाळीची) वाट बघण्यात जन्म चाललाय. वरच्या भागात सगळ्यांनी ड्रीप केलं, पाणी वाचतं म्हणतात, मग वाचलेलं पाणी खाली आमच्यापर्यंत का येत नाही? (शेतकरी, येवला)

काका, हा प्रश्न मला या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

पाटाने पाणी दिलं की त्यातलं काही पीक पितं, काही वरच्या वर उडतं आणि बाकी जमिनीत मुरतं. मुरलेलं पाणी वाया गेलं असं आपण म्हणतो, पण ते खालच्या विहिरीत येतं, ओढ्याला पाझरतं, नदीला मिळतं. म्हणजे वरच्याचं वाया गेलेलं ते खालच्याचं मिळालेलं असतं. ड्रीपने हे मुरणं कमी होतं. पिकाचं ईटी मात्र तेवढंच राहतं, उलट पीक जोमदार आलं, पानोळा वाढला तर थोडं वाढतंच. आणि वाचलेल्या पाण्यावर माणूस काय करतो? अजून दोन एकर बागायत करतो किंवा जिथे एक पीक होतं तिथे दोन घेतो. त्याचं चूक म्हणवत नाही, कर्ज फेडायचंय, पोरं शिकवायचीत. पण शिवारातून हवेत जाणारं एकूण पाणी वाढतं आणि खाली येणारं घटतं. २०१८ साली सायन्स या शास्त्रीय पत्रिकेत जगभरच्या अनुभवावरून हेच मांडलं गेलं, की शेतातली पाण्याची कार्यक्षमता वाढवली म्हणून खोऱ्यातलं पाणी आपोआप वाढत नाही.

ड्रीपला माझा विरोध नाही हे स्पष्ट सांगते. खत वाचतं, तण कमी, वीज कमी, मालाची क्वालिटी चांगली, सगळं खरं. फक्त ते नदीत पाणी वाढवायचं साधन म्हणून विकू नये.

आणि हे फक्त नाशिकचं नाही.  २०१९ च्या एका अभ्यासात उपग्रहांवरून दिसलं की २००० नंतर पृथ्वीचा हिरवेपणा वाढण्यात चीन आणि भारत सगळ्यात पुढे आहेत, आणि भारतातली ही वाढ बहुतांश शेतीची आहे, जंगलाची नाही. तो हिरवा रंग म्हणजे सिंचन, एका वर्षात दोन-तीन पिकं, उन्हाळ्यात उभी असलेली पिकं. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकला हजारो मिमी पाऊस आणि पूर्वेला येवला-नांदगावला पाचशेच्या आसपास, आणि पाणी वरून खाली यायचं तर मधल्या सगळ्या हिरव्या पट्ट्याची गरज भागवून यायचं. आकाशातून होणाऱ्या बदलापेक्षा जमिनीवर आपण केलेला बदल इथे जास्त मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

करायचं काय? खोऱ्याचा पाण्याचा ताळेबंद धरणातून सोडलं किती यावर न करता शिवारातून उडालं किती यावर करायला हवा. उपग्रहावरून जमिनीचं तापमान बघून ईटीचा बराच चांगला अंदाज काढता येतो, तंत्र आहे. पाणी वापर संस्था त्याच आकड्यांवर बसून बोलू शकतात, दिंडोरीतल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी संस्था करून पाणी वाटून घेतलं तेव्हा असे उपग्रहाचे आकडे हाताशी नसतानाही जमलं होतं. तुमच्या स्वतःच्या कांद्यापुरतं म्हणाल तर कांदा पोसायच्या काळात गुणांक १.०५ च्या आसपास असतो, द्राक्षापेक्षा जास्त, तेव्हा आवर्तन लांबलं तर फटका मोठा. आवर्तनाच्या तारखा बघून लागण पुढेमागे करणं एवढंच हातात आहे. माना पडायला लागल्या की गरज घटते, तेव्हाचं पाणी शेजाऱ्याला दिलं तरी चालतं आणि कांदाही चाळीत जास्त टिकतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानांची छिद्रं कमी उघडतात आणि झाडाला पाणी कमी लागतं असं वाचलं. मग काळजी कशाला? (शिक्षक, दिंडोरी)

सर, वाचलंत ते खरं आहे. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे. पानाला तेवढाच वायू मिळवायला छिद्रं कमी उघडली तरी भागतं आणि पाणी कमी जातं. उघड्या शेतात पिकांवर जादा वायू सोडून प्रयोग केलेत, त्यातही छिद्रं आवळलेली दिसली.

पण हे एका पानाचं झालं. त्याच वायूने झाडाला पानं जास्त येतात, मोठी येतात, मग एकेक पान कमी सोडत असलं तरी पानं जास्त झाली. छिद्रं आवळली की पान स्वतः तापतं, आणि तापलेल्या पानातून उरलेल्या छिद्रांतून वाफ जास्त जोराने जाते. वर हवा कोरडी होत चाललीय ती वेगळी. या ओढाताणीत कुठे बचत दिसते कुठे वाढ, एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. आपल्याकडे भरपूर पाणी दिलेल्या बागेत या बचतीवर विसंबून पाणी तोडू नका असंच मी सांगेन. मुलांना दाखवायचं असेल तर एप्रिलच्या दुपारी आणि सकाळी द्राक्षाच्या पानाला हात लावून बघायला सांगा. दुपारी ३८-४० अंशाला वेल छिद्रं बंद करते आणि पान हाताला गरम लागतं, सकाळी तेच गार असतं. अशा वेळी मुळाशी वापसा (पुरेसा ओलावा आणि हवा) असेल तर वरून अजून पाणी ओतून पान काही गार होत नाही, नुसती मुळं गुदमरतात.

ताई, मी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाशिकच्या ईटीचा कल हा प्रोजेक्ट घेतलाय. तापमानाचा डेटा सहज मिळाला म्हणून थॉर्नथ्वेट पद्धत वापरली, कल मस्त वाढता आला. गाइड म्हणतात परत कर. का? (विद्यार्थिनी, नाशिक)

गाइडचं ऐक. थॉर्नथ्वेटची १९४८ ची पद्धत तापमान आणि दिवसाची लांबी यावरच चालते. म्हणजे तू सूत्रात फक्त वाढणारी गोष्ट घातलीस, मग उत्तर वाढतंच येणार. निफाडच्या दादांना वर सांगितलेलं ऊन, वारा, आर्द्रता यांचं काहीच त्यात येत नाही. याच कारणामुळे जगातला दुष्काळ किती वाढला याचे जुने अंदाज फुगलेले होते, २०१२ मध्ये शेफील्ड, वुड आणि रॉडरिक यांनी तेच गणित चारही घटक धरणाऱ्या पेनमन-माँटिथ सूत्राने परत केलं तेव्हा वाढ बरीच कमी निघाली.

तू पण पेनमन-माँटिथच घे, एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत सगळ्या पायऱ्या दिल्यात, एक्सेलमध्ये बसून करता येतं. मग एक काम आवर्जून कर. चारही घटकांचे कल वेगवेगळे काढ, आणि एका वेळी एकाच घटकाचा कल काढून टाकून परत ईटी काढ, म्हणजे कोणी किती वर ढकललं आणि कोणी खाली ओढलं ते दिसेल. प्रोजेक्टचा जीव त्यातच आहे. कल खरा की योगायोग हे बघायला मान-केंडल चाचणी आणि तो किती हे काढायला सेनचा उतार चालेल, वर्षाचा एकच आकडा न काढता महिन्यांचे वेगळे काढ, कारण आपल्याकडे मार्च-एप्रिल आणि जुलै-ऑगस्ट यांचं वागणं सारखं नसतं, वर्षाच्या सरासरीत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

सूत्रात आकडे घालायच्या आधी स्टेशनचा इतिहास विचार. वाऱ्याचं यंत्र किती उंचीवर होतं, कारण सूत्राला २ मीटरचा वारा लागतो आणि नोंद दुसऱ्या उंचीची असेल तर बदलून घ्यावी लागते. त्याचं बेअरिंग जुनं झालं की वाटी हळू फिरते आणि वारा मंदावल्याचा खोटा कल तयार होतो. शेजारी झाडं वाढली का, बिल्डिंग उभी राहिली का, पात्रावर जाळी कधी आली, कधी बदलली, हाताने घेतलेली नोंद थांबून स्वयंचलित यंत्र कधी बसलं. जाळीनेच पात्राचं बाष्पीभवन दहा टक्क्यांहून जास्त कमी होतं, म्हणजे एका वर्षी जाळी बसली आणि तुला ते माहीतच नसेल तर हवामान बदलाच्या नावावर तू जाळीच मोजशील. हे संगणकात मिळत नाही, स्टेशनवर जाऊन जुनं रजिस्टर उघडून आणि तिथे काम केलेल्या माणसाला विचारूनच कळतं, तेव्हा आधी पत्र देऊन परवानगी काढ आणि सकाळच्या नोंदीच्या वेळेलाच जा.